२४ वर्षांच्या फौजी नोकरीनंतर पीएच.डी.: किती वर्षं धरून चालायचं?

पारोळा तालुक्यातल्या एका हवालदारांचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी त्यांची २४ वर्षांची नोकरी पुरी होतेय. मुक्त विद्यापीठाची बी.ए. झालेली आहे आणि घरी परतण्याआधी पुढचं ठरवायचंय. ते विचारतात: "मला इतिहासात पीएच.डी. करायची आहे. कुणी म्हणतं तीन वर्षांत होते. अमेरिकेत फौजींना सरकार शिकवतं आणि तरीही पाच-सात वर्षं लागतात असं वाचलं. आपल्याकडे खरं किती लागतात? माझ्या फौजेतल्या जोडीदाराकडे १५ वर्षांच्या नोकरीवर मिळालेलं पदवीचं सर्टिफिकेट आहे, त्याला थेट एम.ए. करता येईल का? आणि डॉक्टर झाल्यावर कॉलेजात नोकरी लागेल का?"

भाऊ, आधी आकडा सांगते, हिशेब मग. बी.ए. आहे पण एम.ए. व्हायची आहे अशा माणसाने आजपासून ८ वर्षं धरावीत. एम.ए. चांगल्या टक्क्यांनी झालेली असेल तर साडेपाच ते सहा. तुमच्या जोडीदाराने ११. खान्देशातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवते, पीएच.डी.ची गाईड आहे, आणि फौजेतून आलेले विद्यार्थी माझ्याकडे आणि सहकाऱ्यांकडे जवळून पाहिलेत. सुभेदार होते, हवालदार क्लार्क होते, नौदलातले एक पेटी ऑफिसर होते. त्यातलं कुणीही तीन वर्षांत मोकळं झालं नाही. पण संशोधन झेपलं नाही म्हणून रखडला, असाही त्यांच्यात क्वचितच कुणी निघाला. वेळ गेला तो आत शिरण्याआधी, आणि नंतर लिहायला बसल्यावर. या दोन जागांबद्दल मी जास्त बोलणार आहे, बाकीचं भरभर सांगते.

तीन वर्षं हा आकडा कुठून आला ते पाहू. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, पीएच.डी.ची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ची आहे. तीत कोर्सवर्क (सुरुवातीचा वर्गातला अभ्यास) धरून कमीत कमी ३ वर्षं आणि प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त ६ वर्षं अशी मुदत आहे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात, पण एकूण ८च्या पुढे नाही. स्त्री उमेदवारांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे १० वर्षांपर्यंत. ही शेवटची तरतूद जखमी होऊन घरी आलेल्या जवानांनी नीट लक्षात ठेवावी. सैन्याच्या मेडिकल बोर्डाचा कागद विद्यापीठात चालतो की नागरी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी विचारून घ्या. सहाव्या वर्षी विचारायची ती गोष्ट नव्हे. तर ३ वर्षं म्हणजे त्याआधी प्रबंध सादर करता येत नाही, एवढंच. फौजी माणूस हा आकडा टार्गेट म्हणून वाचतो आणि चौथ्या वर्षी आपण नापास झालो असं समजून बसतो. मन खचतं ते तिथे.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथली गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ साली, त्यांनी परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणासाठी कायदा केला, त्यालाच जीआय बिल म्हणतात. आजच्या त्याच्या अवतारात साधारण ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. तिथल्या पीएच.डी.त बहुतेक ठिकाणी एम.ए.च्या पातळीचा अभ्यासही आतच येतो, त्यामुळे पाच-सात वर्षं लागणं साहजिक आहे आणि ते ३६ महिने अर्ध्या वाटेतच संपतात. आपल्याकडे तीन वर्षांची बी.ए. असलेल्याला एम.ए. आधी करून यावं लागतं. ती दोन वर्षं मिळवली तर त्यांचा आणि आपला आकडा फार लांब राहत नाही. फरक पैशाचा आहे, त्याकडे येतेच.

आता तुमच्या जोडीदाराचं सर्टिफिकेट. दरवर्षी कुणीतरी हा कागद प्लास्टिकच्या फोल्डरात घालून माझ्याकडे घेऊन येतो आणि मला त्याचा चेहरा पाडावा लागतो. मॅट्रिक झालेल्या आणि किमान १५ वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला, जिथे पदवी ही अट आहे अशा गट क च्या सरकारी नोकरीसाठी पात्र धरता येतं, त्यासाठी तो कागद आहे. नोकरीच्या अर्जात त्याला खरी किंमत आहे. पण ती विद्यापीठाची पदवी नाही. तिच्यावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही, मग पीएच.डी. दूरच. क्वचित एखादी खासगी संस्था 'घेतो' म्हणते आणि फी भरून घेते. पुढे पीएच.डी.च्या पडताळणीत बी.ए.ची गुणपत्रिका मागतात तेव्हा ती एम.ए. कोसळते. तुमच्या जोडीदाराला सांगा, बारावी झाली असेल तर आजच इग्नू नाहीतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घाल. ३ वर्षं जातील, पण पाया पक्का होईल. अग्निवीरांसाठी सरकारने २०२२ मध्ये वेगळी सोय जाहीर केली आहे. प्रशिक्षणाचे निम्मे क्रेडिट पदवीत धरून इग्नूकडून बी.ए. मिळते. तुमच्या पिढीला ती लागू नाही, पण गावातल्या भाचे-पुतण्यांना सांगून ठेवा.

तुमच्याकडे बी.ए. आहे, तेव्हा तुमचं घड्याळ एम.ए.पासून सुरू होतं. मान्यताप्राप्त मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीची एम.ए. पीएच.डी.ला चालते. तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता होती का, ते मात्र पाहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. आणि टक्के! पीएच.डी.ला एम.ए.त किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सूट आहे. माजी सैनिक म्हणून वेगळी सूट नाही. छावणीत राहून एम.ए. करणारे बहुतेक जण 'पास झालो म्हणजे झालं' या हिशेबाने परीक्षा देतात. ५३ टक्के पडतात, पेढे वाटले जातात, आणि ३ वर्षांनी कळतं की दार बंद आहे. मग दुसऱ्या विषयात नव्याने एम.ए. माझ्या पाहण्यात सगळ्यात महागात पडलेली दोन वर्षं ती हीच.

तुमची नोकरी अजून वर्षभर आहे ना? मग एम.ए.ला याच सत्रात नाव घाला, घरी येईपर्यंत थांबू नका. युनिटमध्ये असताना अभ्यास होत नाही, हे मला सगळे सांगतात. गावी आल्यावर तो आणखी होत नाही, हे मी तुम्हाला सांगते. पहिलं वर्ष तुमचं नसतं. सगळा गाव 'मेजर, मेजर' करतो. आखाजीला बहिणी माहेरी येतात, श्रावणात कानबाई बसते, भाऊबंदकीतला बांध मोजायचा राहिलेला असतो, विहिरीची मोटर जळते. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनलवाले दारात उभे राहतात. २४ वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला हे सगळं हवंहवंसंही वाटतं, आणि वाटावंच. पण त्या वर्षात एम.ए.चं पहिलं वर्ष कोंबू नका.

पुढचा टप्पा प्रवेश परीक्षेचा. नेट किंवा सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेची देशपातळीवरची किंवा राज्याची परीक्षा, झालं असेल तर मार्ग सोपा होतो. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाचीही सोय झाली आहे. तिथे ७० टक्के भार नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला असतो. ते गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात, सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेचं प्रमाणपत्र मात्र कायमचं. नेट नसेल तर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, जिला आपल्याकडे सगळे 'पेट' म्हणतात. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. विषयाचं तुम्ही कराल, पहिल्या निम्म्यातच फौजी अडतात. संशोधन पद्धतीचं एक मराठी पाठ्यपुस्तक एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच वाचून काढा. पेट आपल्या सोयीने होत नाही, जाहिरात निघेल तेव्हा होते. म्हणून एम.ए.चा निकाल आणि प्रवेश यांच्यामध्ये मी सहा महिने ते एक वर्ष धरते.

त्या वर्षातलं खरं काम म्हणजे गाईड शोधणं. परीक्षा पास झाली म्हणजे गाईड मिळालाच असं नाही. नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ च विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यात आपल्या महाविद्यालयांत कायमच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणारे गाईड होऊ शकत नाहीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. तीन जिल्हे म्हटल्यावर पुष्कळ वाटतात. इतिहासात जागा शिल्लक असलेले, निवृत्ती लांब असलेले आणि तुमच्या विषयात रस असलेले गाईड शोधायला लागा, म्हणजे यादी किती छोटी आहे ते कळेल.

गाईड कसा निवडावा, यावर माझं मत सांगते, काही सहकाऱ्यांना आवडणार नाही. नाव मोठं आहे का ते पाहू नका, त्याचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले ते पाहा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट संस्थेचं 'शोधगंगा' हे संकेतस्थळ आहे, देशभरातले प्रबंध तिथे कुणालाही फुकट वाचता येतात. तिथे गाईडच्या नावाने शोध घ्या. पुष्कळ प्रबंधांच्या नोंदीत नोंदणी आणि पूर्ततेची तारीख दिलेली असते. अर्ध्या तासात तुम्हाला जो अंदाज येईल, तो कॅन्टीनमधल्या दहा गप्पांतून येणार नाही. शिवाय तीन-चार प्रबंध चाळून झाले की प्रबंध दिसतो कसा, तेही कळतं. एम.ए. झालेल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात एकही प्रबंध उघडून पाहिलेला नसतो.

प्रवेशानंतरचं कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं असतं, त्यात ५५ टक्के लागतात. फौजी लोक इथे वर्गात सगळ्यात पुढे असतात, काळजी नको. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची असते. तिथेही तुम्ही वेळेवर, इस्त्रीच्या कपड्यात आणि कागद लावून हजर असणार, हे मला माहीत आहे. तुम्ही दुसरीकडे नोकरी धरली, म्हणजे बँकेत गार्ड किंवा तलाठी वगैरे, तर पार्टटाइम पीएच.डी.ची सोय २०२२च्या नियमावलीत आहे. मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू असं त्यात लिहून द्यावं लागतं. १२ तासांची गार्ड ड्युटी करून पीएच.डी. करणारे मी पाहिलेत. त्यांना ६ वर्षं पुरत नाहीत, पुनर्नोंदणी ठरलेली.

आता विषय. यावर वर्षं वाचतात किंवा जातात. फौजी माणसाला पहिल्यांदा सुचतं ते स्वतःच्या रेजिमेंटबद्दल, एखाद्या ऑपरेशनबद्दल लिहावं. इच्छा समजते, पण जपून. नोकरीत असेपर्यंत सेवेशी संबंधित काहीही परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला आर्मी रूल्सची मनाई आहे. निवृत्तीनंतरही १९२३चा गोपनीयता कायदा तुमच्यावर लागू राहतो. आणि कागद मिळणार कुठून? संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये अभिलेख खुले करण्याचं धोरण आणलं, साधारण २५ वर्षांनंतर कागद खुले करावेत असं त्यात आहे. पण धोरणात असणं आणि तुमच्या टेबलावर फाईल येणं यात अंतर असतं. मी पाहिलेल्या एका नायब सुभेदारांचं सव्वा वर्ष अशाच एका परवानगीच्या पत्रव्यवहारात गेलं, आणि शेवटी त्यांनी विषयच बदलला. विषय बदलला की समितीची मान्यता पुन्हा, संदर्भवाचन पुन्हा.

त्यापेक्षा आपल्या मातीत सैनिकी इतिहास थोडा आहे का? इंग्रजांनी १८१८ मध्ये खान्देश घेतला. सातपुडा-सातमाळ्यातल्या भिल्लांशी त्यांचा झगडा वर्षानुवर्षं चालला, आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने त्याच भिल्लांची पलटण उभी केली. खान्देश भिल्ल कोअर, ठाणं धरणगावला. म्हणजे तुमच्या घरापासून दुचाकीवर जाऊन येण्याजोगं. भरती कशी झाली, पगार काय, शिस्त कुठे मोडली, १८५७-५८च्या धामधुमीत खाज्या नाईक आणि भीमा नाईक सातपुड्यात लढत होते तेव्हा ही पलटण काय करत होती? फौजेत २४ वर्षं काढलेला माणूस भरती, रसद, रजा आणि पळून जाणं या नोंदी माझ्यापेक्षा चांगल्या वाचेल. कमांडरने वरच्याला लिहिलेल्या पत्रात काय लपवलंय ते तुम्हाला वास घेऊन कळेल, मला तीनदा वाचावं लागेल. साधनंही खुली आहेत. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात त्या काळचे इंग्रजी दप्तराचे खंड आहेत, १८८०चं खान्देश गॅझेटिअर सहज मिळतं. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद सांभाळतंय, तिथली मोडी वाचायची तर मोडीचा वर्ग आधी करा. मोडीला सहा महिने धरा, पण ते एम.ए.च्या काळातच उरका, पीएच.डी.च्या मुदतीतून खर्चू नका.

अर्वाचीन विषय घ्यायचा असेल तर तोही आहे. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींनी आसपासच्या गावांचं काय केलं, किंवा निवृत्त जवान शेतीकडे किती वळले. फक्त जिल्ह्यांच्या सीमांकडे लक्ष ठेवा. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यातून निघाला. १९९१च्या जनगणनेत नंदुरबार जिल्हा सापडणार नाही, तालुक्यांचे आकडे जोडून तो तुम्हालाच उभा करावा लागेल. हे आधी माहीत असलं तर आठवड्याचं काम, उशिरा कळलं तर अख्खं प्रकरण पुन्हा.

क्षेत्रकामाचं वेळापत्रक तर खान्देशात हंगामावर ठरतं. अक्कलकुवा, धडगावकडच्या पाड्यांवर मुलाखती घ्यायच्या असतील तर पावसाळ्यात वाटा तुटतात. दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेली असतात. होळीला माणसं परततात, आणि त्यानंतर जो उन्हाळा लागतो तो भुसावळकरांना विचारा. म्हणजे नीट हातात येतात ते होळीच्या अलीकडचे-पलीकडचे काही आठवडे. ते हुकले की वर्ष हुकलं. विद्यापीठाचं सत्र जुलैत सुरू होतं म्हणून कामही जुलैत सुरू करणारे इथे फसतात. याबाबतीत मात्र फौजी विद्यार्थ्यांचं कौतुक आहे. चालायला कंटाळत नाहीत, मिळेल तिथे झोपतात, म्हातारी माणसं त्यांच्याशी मोकळेपणी बोलतात. माझ्या नियमित विद्यार्थ्याला जे गाव दोन हंगाम लागलं, ते एका सुभेदारांनी एका होळीत आटोपलं.

आणि मग ते लिहायला बसले. दीड वर्ष एक प्रकरण पुढे सरकेना. इथे फौजेची सवय आड येते, आणि ती कुठली हे आधी कळलेलं बरं. फौजेत रिपोर्ट लिहायचा म्हणजे घडलं ते क्रमाने, थोडक्यात, स्वतःचं मत न घालता. प्रबंधात नेमकं उलटं हवं असतं. घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचा अर्थ तुम्ही काय लावता आणि आधीच्या अभ्यासकाशी कुठे असहमत आहात, ते लिहायचं असतं. त्या सुभेदारांच्या पहिल्या मसुद्यात एकाही लेखकाला विरोध नव्हता. छापलेलं पुस्तक म्हणजे जणू वरून आलेला हुकूम. मी म्हटलं, सुभेदार साहेब, तुम्ही स्वतः त्या गावात जाऊन उलटं ऐकून आलात, मग ते लिहा ना. म्हणाले, मॅडम, ते मोठे लोक आहेत. हा संकोच घालवायला संशोधनापेक्षा जास्त वेळ लागला. मी त्यांना दर शनिवारी एकच पान आणायला सांगितलं, वरच्या अर्ध्यात एका अभ्यासकाचं म्हणणं, खालच्या अर्ध्यात ते कुठे चुकतं. पहिले काही शनिवार खालचा अर्धा कोराच यायचा.

दुसरी सवय हुकमाची वाट पाहण्याची. गाईड बोलावेल तेव्हा जायचं, सांगेल तेवढं करायचं. काही गाईडना असा विद्यार्थी फार आवडतो, बँकेची आणि रेल्वे तिकिटाची कामंही त्याच्याकडून होतात. तुम्ही तसं होऊ देऊ नका. प्रकरण दिल्यावर तीन आठवड्यांत काही कळलं नाही तर स्वतः फोन करा, मग ईमेल करा, म्हणजे नोंद राहते.

मराठीत लिहिणार असाल, आणि लिहावंच असं मी म्हणते, तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये डीटीपीवाल्याकडून करून घेतलेला प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही, शेवटी सगळा पुन्हा टाइप होतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यावर ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यावा लागतो. ६०च्या पुढे नोंदणीच रद्द. गॅझेटिअरमधले उतारे अवतरण चिन्हांत आणि तळटीप देऊनच घ्या.

प्रबंध सादर झाला की वेळ तुमच्या हातात राहत नाही. किमान दोन बाहेरचे परीक्षक वाचतात, मग मौखिक परीक्षा. सादर केल्यापासून सहा महिन्यांत सगळं पुरं व्हावं असं नियम म्हणतो. कधी होतं, कधी परीक्षकाचा अहवाल अडकतो. मी तिथे सहा महिने ते एक वर्ष धरते. मौखिकीत एक सांगणं: परीक्षक म्हणाले की तुमचा निष्कर्ष चुकीचा आहे, तर 'जी सर' म्हणू नका. पुरावा दाखवा.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकेसारखी योजना आपल्याकडे नाही. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेबद्दल गावात गैरसमज आहे, ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवा पत्नींसाठी आहे, खुद्द माजी सैनिकासाठी नाही, आणि व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांसाठी आहे. नेटमधली ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. तिची वयोमर्यादा ३० वर्षं आहे, फौजेत सेवा केलेल्यांना ५ वर्षांपर्यंत सूट मिळते, तीही सेवेच्या काळाप्रमाणे. म्हणजे तुमच्या वयाला नाही. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला किंवा शॉर्ट सर्व्हिसवाल्या अधिकाऱ्याला मात्र ती हाताशी आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप त्या-त्या समाजघटकांसाठी, पूर्णवेळ संशोधकांना असतात, त्या वर्षीची जाहिरात आणि वयाची अट वाचूनच अर्ज करा. तुमची खरी फेलोशिप म्हणजे पेन्शन. नियमित विद्यार्थी तिसऱ्या वर्षी पोटापाण्यासाठी पीएच.डी. सोडतो, तुम्हाला ती वेळ येत नाही.

आता नोकरी. खरं सांगते, कॉलेजच्या नोकरीसाठी म्हणून करणार असाल तर करू नका. २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट ही किमान पात्रता पुरेशी आहे, पीएच.डी.ची सक्ती नाही. तेव्हा नोकरीचाच विचार असेल तर एम.ए. आणि सेट करा. जागा निघतात थोड्या, आणि तुम्ही डॉक्टर व्हाल तेव्हा पन्नाशीला टेकलेले असाल. तासिका तत्त्वावर शिकवायला मिळेल, पण त्यात घर चालत नाही. स्पर्धा परीक्षेचे वर्ग, सैनिकी शाळा, गावचं वाचनालय, इथे तुमच्या पदवीला मान आहे. माझ्याकडचे ते सुभेदार आज तालुक्याच्या ठिकाणी मुलांना भरतीपूर्व शिकवतात. डॉक्टर म्हणून त्यांना कुणी हाक मारत नाही, मेजरच म्हणतात.

या पदवीसाठी घाई झालेले लोक दुसऱ्याच दुकानात जातात, म्हणून सांगून ठेवते. एका रविवारी हॉलमध्ये शाल, ट्रॉफी आणि 'मानद डॉक्टरेट' देणाऱ्या संस्था आहेत. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. १९५६च्या यूजीसी कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी. हीदेखील मान्य नाही. आणि बाहेरच्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचा एजंट 'दोन-अडीच वर्षांत हमखास' म्हणाला तर लक्षात ठेवा, जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना ५ वर्षं नवे पीएच.डी. प्रवेश द्यायला मनाई केली आहे.

तुम्ही सुट्टीवर याल तेव्हा कुठल्याही गाईडला भेटायला जाताना सर्टिफिकेटांची फाईल नेऊ नका, ती नंतर पाहता येते. धरणगावला एक चक्कर मारा, गॅझेटिअरमधलं भिल्ल कोअरबद्दलचं वाचा, आणि फौजी म्हणून तुम्हाला त्यातलं काय पटत नाही ते दोन पानांत लिहून न्या. हाताने लिहिलं तरी चालेल.